फासे टाकण्यापूर्वी

खेळाला नियम असतात हे लहान मूलही जाणते; परंतु त्या नियमांच्याही आधी खेळगड्यांना आपापसांत काही ठरवून घ्यावे लागते, हे पोक्त माणसांच्याही सहसा ध्यानात येत नाही. बेळगावातील आम्ही सहा जण दर रविवारी ज्या खेळाला बसतो, त्याने आम्हांला या गोष्टीचे महत्त्व पटविले आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या वाटेने पुढे असे कितीतरी खेळ आले. टेबलाभोवती बसावे, एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी एकेक पात्र घ्यावे. सूत्रधाराने प्रसंग सांगून ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. पात्राचे धाडस साधते की फसते, याचा निवाडा वीस पैलूंच्या फाशाने करावा. पाठ केलेले संवाद नाहीत. आमच्यातील सावंतवाडीचे भाऊ हे ऐकताच म्हणाले, “म्हणजे आमचा दशावतारच की!” ते खोटे नव्हे. दशावतारातही आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात आणि नट आपले बोलणे आयत्या वेळी रचतात. मात्र तेथे कोणी कोठवर जावे हे परंपरेने शिकविलेले असते. आमच्या टेबलाला परंपरा कोठली? ती आम्हांलाच घडवावी लागली.

याकरिता पहिला फासा पडण्याआधी जी बैठक घेतात तिला इंग्रजीत ‘सेशन झीरो’ म्हणतात. आम्ही ‘शून्य बैठक’ म्हणतो. चारला बसावे, सातला उठावे. गैरहजर गड्याच्या पात्राला कोणी मारू नये. एका पात्राने दुसऱ्याशी दगा करावयाचा असेल, तर त्या गड्याची संमती आधी घ्यावी, हे सारे चहा संपण्याच्या आत ठरले. आमच्यापैकी तिघांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी कोकणी आणि एकाच्या घरी कानडी बोलतात. तेव्हा सूत्रधाराने मराठीत सांगावे, पात्राने हव्या त्या भाषेत बोलावे आणि न कळल्यास विचारण्यात कमीपणा मानू नये, असाही ठराव झाला.

विषयांचे काम इतके सोपे नव्हते. रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकाराने ‘रेषा’ आणि ‘पडदा’ असा भेद सांगितला आहे. रेषेपलीकडचा विषय खेळात येतच नाही. पडद्याआडचा घडतो, पण त्याचे वर्णन होत नाही. मुलांचा छळ आम्ही रेषेपलीकडे ठेवला, प्रणय पडद्याआड. मग कानडी घरातला आमचा मित्र हळूच म्हणाला, “आणि सीमाप्रश्न?” क्षणभर कोणीच बोलले नाही. या गावात ‘सीमा’ हा शब्द साधा नाही. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांचे स्मरण येथे दरवर्षी होते. २००४ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या दुपारी कोणाचे मत बदलले नाही, बदलावे असा आग्रहही कोणी धरला नाही. मात्र कल्पित राज्यांच्या नकाशावरसुद्धा तो वाद आणावयाचा नाही, अशी रेषा आम्ही एकमताने ओढली. प्रश्न क्षुल्लक होता म्हणून नव्हे. तो फाशावर लावण्याजोगा नव्हता म्हणून.

कौरवसभेतील द्यूत आपण कपटाचे म्हणून ओळखतो. पण काय पणाला लावू नये, हेही तेथे कोणी आधी ठरविले नव्हते. द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा फासे पडून गेले होते आणि सभा निरुत्तर झाली. असले प्रश्न खेळाच्या आधीच विचारावयाचे असतात.

तरीही सारेच आधी सुचत नाही. त्यासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी प्रचारात आणलेले फुलीचे कार्ड आम्ही टेबलाच्या मध्यभागी ठेवतो. कोणीही त्यावर बोट ठेवावे, प्रसंग तेथेच वळवावा आणि कारण विचारू नये. एका पावसाळी रविवारी सूत्रधार नदीकाठचे गाव बुडताना रंगवीत होता. आमच्यातील वडीलधाऱ्या काकूंनी कार्डावर बोट ठेवले. “पाणी ओसरले,” एवढेच म्हणून सूत्रधाराने कथा डोंगराकडे नेली. ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्या जिल्ह्याने पाहिलेला आहे. त्यात काकूंचे काय गेले ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. डोंगरावर मात्र त्यांच्याच पात्राने राक्षसाला लोळविले आणि सातला उठावयाचे म्हटल्यावर सर्वांत अधिक कुरकूर त्यांनीच केली.

अशा बंधनांनी खेळाची गंमत जाते, असे काही जण म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. थांबविता येते हे ठाऊक असले की माणूस मोकळेपणाने पुढे जातो. वाचकांपैकी कोणी असा डाव मांडणार असतील, तर त्यांनी फासे जरा उशिराच विकत घ्यावेत. पहिल्या रविवारी चहा आणि कोरा कागद पुरे. नवा गडी आला की मात्र तो कागद पुन्हा काढावा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारावा.