ॲपलेचियन वाटेवर : सलग कीं खंडशः?

फेब्रुवारी २०२४ मध्यें पुण्याहून वहिनींचा दूरध्वनि आला. "भावोजी, तुम्ही तिकडे आहांत म्हणून सांगतें. हा मुलगा हातची नोकरी सोडून सहा महिने रानांत चालायला निघाला आहे. तुमचें तो ऐकेल. त्याला थांबवा, नाहीं तर निदान तुमच्यासारखें आठ-आठ दिवस चालायला सांगा." शेवटचें वाक्य त्यांनीं तडजोड म्हणून घातलें होतें, पण त्यानेंच मला विचारांत पाडलें. मी गेलीं कित्येक वर्षें त्याच वाटेवर सुट्ट्यांसुट्ट्यांनीं चालत होतों, आणि पुतण्याच्या मतें तें चालणें खरें चालणेंच नव्हतें!

ज्या वाटेविषयीं हा वाद, तिची ओळख वाचकांस करून दिली पाहिजे. अमेरिकेच्या पूर्वभागांत ॲपलेचियन पर्वताची झिजलेली, वनराजीनें झांकलेली अशी प्राचीन रांग आहे. तिच्या माथ्यामाथ्यानें, दक्षिणेस जॉर्जिया संस्थानांतील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन संस्थानांतील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा संस्थानांतून सुमारें २,२०० मैलांची पायवाट गेली आहे. झाडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असा पांढरा पट्टा रंगविलेला असतो. एक मागें पडला कीं दुसरा शोधावयाचा, हाच वाटाड्या. मुक्कामासाठीं अडीचशेंहून अधिक निवारे आहेत. निवारा म्हणजे तीन भिंती, वर छप्पर आणि खालीं फळ्या. आपल्या देवळाची ओवरी डोळ्यांपुढें आणावी म्हणजे झालें.

ही वाट एका दमांत, बारा महिन्यांच्या आंत जो पुरी करतो तो ‘थ्रू-हाइकर’. जो जमेल तसा तुकड्यातुकड्यांनीं चालतो तो ‘सेक्शन-हाइकर’. तरुण मंडळींत पहिल्याचा मान मोठा. परंतु इतिहास पाहूं गेल्यास मौज दिसते. वाटेची कल्पना १९२१ सालीं बेंटन मकाय ह्या वनतज्ज्ञानें मांडली आणि १९३७ सालीं ती पुरी जोडली गेली. तिला जमिनीवर उतरविण्यांत मायरन एव्हरी नांवाच्या एका वकिलाचा वांटा सर्वांत मोठा. सायकलचें एक सुटें चाक पुढें ढकलीत हा गृहस्थ मैल मोजीत जाई. १९३६ सालापर्यंत त्यानें सबंध मार्ग पायाखालीं घातला, आणि तोही खंडशः! सलग चालून जाणारा अर्ल शाफर त्यानंतर बारा वर्षांनीं, १९४८ सालीं निघाला. महायुद्धावरून तो परत आला होता. ज्याच्या सोबतीनें जावयाचें ठरलें होतें तो मित्र ईवो जिमाच्या लढाईंत मारला गेला होता. १२४ दिवसांत तो कटाडिनवर पोंचला, तेव्हां वाटेच्या चालकमंडळींनाच तें प्रथम खरें वाटेना. रोजनिशी आणि चित्रें दाखवावीं लागलीं.

एमा गेटवुड ह्या बाईंची कथा तर घराघरांत सांगण्याजोगी आहे. अकरा मुलांची ही आई १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, घरीं शिवलेली एक झोळी खांद्यावर टाकून निघाली. मुलांना सांगितलें तें एवढेंच कीं, "जरा फिरून येतें." पांच महिन्यांपेक्षां कमी काळांत तिनें वाट पुरी केली. १९५७ सालीं पुन्हा केली. तिसऱ्यांदा मात्र तिनें ती तुकड्यांनीं चालून १९६४ सालीं संपविली. वाटेची देखरेख करणारी संस्थाही दोहोंत भेद मानीत नाहीं. सर्व मैल प्रामाणिकपणें चाललेले असले म्हणजे झालें, मग वर्ष लागो कीं तीस वर्षें. आपल्याकडे जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड ह्यांनीं १९७७ पासून नर्मदेचे दोन्ही तीर असेच तुकड्यांनीं चालून काढले. त्यांना कोणी उणें लेखल्याचें ऐकिवांत नाहीं.

तेव्हां थोरवीचा प्रश्न बाजूला ठेवूं. खरा प्रश्न आंखणीचा आहे, आणि तेथें दोन्ही रीतींचीं दुखणीं निराळीं आहेत.

खंडशः चालणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे परतीची. वाट सरळ जाते, आपली मोटार मात्र मागें राहते. आम्ही दोन-तीनदां फसल्यावर शिकलों कीं, मोटार आधीं शेवटच्या टोंकाला उभी करावी, कोणाकडून तरी आरंभाच्या ठिकाणीं सोडवून घ्यावें आणि मग आपल्याच मोटारीकडे चालत यावें. म्हणजे उशीर झाला तरी कोणी खोळंबत नाहीं. दुसरी अडचण पायांची. पहिले सहा-सात दिवस सांधे कुरकुरतात, आणि ते गप्प होतात न होतात तोंच घरीं परतण्याचा दिवस उजाडतो. पुढल्या वर्षीं पुन्हा श्रीगणेशा. सलग चालणाऱ्याचे पाय पहिल्या महिन्याभरांत तयार होतात व मग तीच पुंजी त्याला शेवटपर्यंत पुरते. उलट ऋतु निवडण्याचें सुख आमचें. रोन डोंगरावरील फुलें जूनमध्यें, व्हरमाँटचीं पिवळीं-तांबडीं पानें ऑक्टोबरांत, आणि मेनमधील चावऱ्या माश्यांचा काळ टाळून ऑगस्टांत, असें ज्याचें तें पाहतां येतें. सलग चालणाऱ्यानें मार्चमध्यें जॉर्जियांत बर्फ, पुढें जें येईल तें, आणि ऑक्टोबरच्या मध्याआधीं कटाडिन, हें मुकाट्यानें पत्करावयाचें.

माझी स्वतःची फजिती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. न्यू जर्सींत मी दिवसाला चौदा मैल सहज काढीत असें. त्या भरंवशावर २०१६ सालीं न्यू हॅम्पशरच्या व्हाइट पर्वतांत फ्रँकोनिया खिंडीपासून क्रॉफर्ड खिंडीपर्यंतचे अठ्ठावीस मैल दोन दिवसांचे धरले आणि शिधाही दोनच दिवसांचा घेतला. तेथें वाट म्हणजे धोंड्यांची उतरंड. हातांनीं धरून चढावें आणि बसून उतरावें. दुसऱ्या संध्याकाळीं मी निम्म्या वाटेवरच्या गॅलहेड निवासांत पोंचलों. तेथील मुलांनीं जेवणांतून उरलेला पाव आणि मसुरीचा रस्सा पुढें केला. सोंवळें-ओंवळें तर सोडाच, त्यांत काय काय आहे हें विचारण्याचेंही भान मला उरलें नव्हतें. क्रॉफर्ड खिंड लागली ती चौथ्या दिवशीं दुपारीं.

पुतण्या मार्चमध्यें आमच्या घरीं येऊन दाखल झाला तेव्हां त्यानेंही हाच हिशेब केलेला होता. त्याला सहा महिने राहण्याचा परवाना मिळाला होता. त्यांतून येणेंजाणें वजा करून दीडशें दिवस. २,२०० ला दीडशेंनीं भागून रोज पंधरा मैल! जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून मीं त्याला व्हाइट पर्वतांची गोष्ट ऐकविली. तो हंसला, पण भागाकार खोडला. पहिले दोन आठवडे आठ ते दहा मैल, व्हर्जिनियाच्या त्या मानानें सोप्या वाटेवर सतरा-अठरा, न्यू हॅम्पशर आणि मेनच्या दक्षिण भागांत पुन्हा दहा, आणि आठवड्यास एक दिवस विश्रांति. एवढें मांडल्यावर दिवस १६८ झाले. हाताशीं जेमतेम दहा दिवस उरत होते. "काका, आतां भीति वाटते," तो म्हणाला. मला तें ऐकून बरें वाटलें.

शिध्याचा वाद वहिनींशीं झाला. त्यांनीं मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी असें सहा महिन्यांचें सामान त्याच्याबरोबर पाठविलें होतें. मीं तें लहान पेट्यांत भरून वाटेवरील गांवांच्या टपालकचेऱ्यांत पाठवावें असा बेत. मीं चारच पेट्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यांत चिरंजीवांचा निरोप आला : मेतकुटाचा वासही नको, लोणी आणि चीज पाहिजे! दिवसाला चार-पांच हजार उष्मांक जाळणाऱ्या देहाची जीभ स्वतःची राहत नाहीं.

तो चांगला चालला. जूनच्या मध्याला हार्पर्स फेरी येथें पोंचला, म्हणजे सुमारें १,०२५ मैल झाले. त्याच संध्याकाळीं पुण्याहून दादांच्या हृदयविकाराची वार्ता आली. मीं मोटारीनें जाऊन त्याला आणलें व दुसऱ्या दिवशीं विमानांत बसवून दिलें. वाटेंत तो एकच वाक्य बोलला, "काका, सगळें फुकट गेलें." मला उत्तर सुचलें नाहीं. एव्हरीची गोष्ट त्याला ठाऊक होती. त्या दिवशीं ती सांगणें निर्दयपणाचें झालें असतें.

दादा बरे झाले. सप्टेंबर २०२४ मध्यें हेलेन वादळाच्या पुरानें टेनेसींतील नोलिचकी नदीवरचा, त्यानें एप्रिलांत ओलांडलेला, पूल वाहून गेला. तें वर्तमान त्यानेंच मला कळविलें. तेव्हां मीं ओळखलें कीं, हा अजून नकाशा पाहतो आहे.

मे २०२५ मध्यें तो सहा आठवड्यांची रजा घेऊन आला. बरोबर वहिनीही आल्या. हार्पर्स फेरीचा पोटोमॅक नदीवरचा पादचारी पूल रेल्वेला लागून जातो. पुलाच्या मध्यापर्यंत त्या मुलाच्या पाठीवरची पिशवी निरखीत त्याच्यामागून चालल्या, आणि तेथून परतल्या. "किती जड आहे हो ती," एवढेंच मला म्हणाल्या. तो मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपर्यंत जाऊन आला. आतां सुमारें सातशें मैल उरले आहेत. त्यांतील व्हाइट पर्वतांचा तुकडा मीं त्याच्याबरोबर पुन्हा चालावा असें ठरतें आहे. फ्रँकोनिया ते क्रॉफर्ड, चार दिवस. शिधा मीं पांच दिवसांचा लिहून ठेवला आहे, आणि वहिनींनीं त्यांत मेतकुटाची एक पुडी आपल्या हातानें वाढविली आहे.