काठी कोणती घेऊ, सर?

मे महिन्यात आणि ईदच्या सुमारास हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कोणाचा तरी मामू कुवेतहून नाहीतर मस्कतहून सुट्टीवर यायचा असतो. ‘तुला काय आणू?’ असं त्याने फोनवर विचारलेलं असतं. मग आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एखादा मुलगा मला रस्त्यात गाठतो, ‘सर, गरवायला काठी कोणती सांगू?’ मी शिकवतो उर्दू आणि मराठी. पण शास्त्री नदीच्या खाडीकाठच्या मुलांना माझा हा बिनपगारी विषयच जास्त लक्षात राहिलेला दिसतो.

हल्ली सगळ्यांना सॉफ्ट प्लास्टिकवर गरवायचं असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा बोटभर मासा किंवा कोळंबी असते. तिच्यात शिशाचं डोकं असलेली गरी ओवायची. या गरीला जिगहेड म्हणतात. ते दूर फेकायचं आणि रिळावर दोरी गुंडाळत असं आणायचं की पाण्यातल्या माशाला ते जिवंत वाटावं. मराठीत ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थच मांस. म्हणजे हे निरामिष आमिष झालं. उर्दूत आपण ‘चारा’ म्हणतो, त्यातही खाण्याचीच वस्तू आहे. खाता न येणारं आमिष आपल्या जुन्या शब्दांच्या हिशेबातच नव्हतं.

काठी निवडण्याचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो. खरी कोळंबी लावली की मासा वासाने येतो, चव घेतो, चघळतो, आपल्याला वेळ देतो. प्लास्टिक त्याने तोंडात घेतलं की त्याला लगेच कळतं आणि क्षणात तो ते थुंकतो. त्यातून बहुतेक वेळा तो घेतो ते आमिष तळाकडे पडत असताना, म्हणजे नेमकी दोरी ढिली असताना. त्या एका क्षणाची खबर हातापर्यंत आणणं हे काठीचं पहिलं काम. मासा ओढणं नंतरचं.

आखातातून येतात त्या काठ्या बहुतेक बारा-तेरा फुटी, मनगटाएवढ्या जाड. त्या किनाऱ्यावरून शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शिसं लाटांपलीकडे भिरकावण्यासाठी केलेल्या असतात. आपलं जिगहेड ७ ते १४ ग्रॅमचं. असल्या काठीला ते टोकाला लागलंय हेही कळत नाही. म्हणून मुठीच्या वर बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते आधी वाचा. ‘लुअर ५ ते २१ ग्रॅम’ असं असेल तर ती आपल्या खाडीसाठी. लांबी ७ फूट, फार तर साडेसात. त्याहून लांब काठी कांदळाच्या फांद्यांत अडकते आणि संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं. दोन तुकड्यांची घ्या, एसटीत आणि मोटारसायकलवर नेता येते.

दुकानदार ‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ हे दोन शब्द एकाच श्वासात म्हणतो आणि मुलं दोन्ही एकच समजतात. काठी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. ती कुठे वाकते ती ॲक्शन. सॉफ्ट प्लास्टिकला पॉवर मध्यम किंवा त्याहून जरा हलकी आणि ॲक्शन फास्ट हवी, म्हणजे शेंड्याचा तिसरा हिस्सा वाकेल आणि खालचा भाग ताठ राहील. तांबोशी गरी लागल्याबरोबर मुळांत नाहीतर खडकाच्या कपारीत घुसते. तिला पहिल्या दोन सेकंदांत थांबवायला ती ताठ बाजू लागते.

आता परीक्षा. बरेच जण दुकानात काठीचं टोक छताला टेकवून वाकवून बघतात. तसं करू नका, कार्बनची काठी शेंड्याकडे तडकते. त्यापेक्षा जुनी युक्ती आहे. काठीचं टोक बरोबरच्या माणसाच्या गळ्याला हलकेच टेकवायचं, त्याला बोलायला लावायचं आणि आपण मूठ धरायची. चांगली काठी त्याचा आवाज मुठीत आणून देते. मी हे आठवीच्या वर्गात करून दाखवलंय. मुलाला ‘ग़ैन’ लांबवायला सांगितलं तर मुठीत झिणझिण येते, ‘ख़े’ लांबवली तर जवळजवळ काहीच नाही. व्याकरणातले घोष आणि अघोष वर्ण त्या वर्गाला पुन्हा शिकवावे लागले नाहीत. मुख्याध्यापकांनी मात्र काठी वर्गात कशासाठी, म्हणून विचारलं होतं.

हा काठीच्या ‘बोलण्या’चा नाद मला मासे मिळावेत म्हणून लागला नाही. तो अब्बांमुळे लागला.

अब्बांनी आयुष्यभर हातदोरीने गरवलं. होडीच्या काठावर बसायचं, तर्जनीवरून दोरी सोडायची. खाली शेंगाळा चोखतोय, की पालू टोचतोय, की नुसता प्रवाह दोरी हलवतोय, हे ते बोटावरून सांगत आणि वर येणारा मासा तोच असे. साखरेचा आजार त्यांना वीस वर्षांपासून आहे. पाय आधीच बधिर झाले होते, मग हातांच्या बोटांची टोकं गेली. शर्टाचं बटण त्यांना बघून लावावं लागतं. एक दिवस दोरी गुंडाळून त्यांनी पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि एवढंच म्हणाले, ‘दोरी मुकी झाली रे.’ त्यानंतर होडीकडे फिरकले नाहीत. मगरिबची नमाज झाली की बाकड्यावर येऊन बसायचे, खाडीकडे पाठ करून.

बोटांची टोकं गेलेल्या माणसाला दुसरीकडून कुठून खबर पोचवता येईल? मी काठ्या बघायला लागलो ते या प्रश्नावरून. तळवा शाबूत होता, कोपरापर्यंतचा हातही. म्हणून मूठ अशी हवी की तिचा मागचा भाग कोपरापर्यंत हाताखाली टेकेल आणि कंप तिथे उतरेल. काठी कार्बनची हवी. फायबरची मजबूत असते, पडली-आपटली तरी चालते, नवशिक्या पोरांना मी तीच सुचवतो. पण ती कंप पिऊन टाकते. काठी आणि रीळ मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आत हवं, कारण जड काठी घट्ट धरावी लागते आणि घट्ट मुठीला कमी कळतं. रीळ २५०० आकाराचं. दोरी विणलेली, कारण साध्या नायलॉनसारखी ती ताणत नाही आणि ठोका वाटेत हरवत नाही. तिच्या पुढे हातभर जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्याची धार विणलेली दोरी सहज कापते.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोरी भडक पिवळी घेतली. मोतीबिंदू काढल्यापासून अब्बांची नजर माझ्यापेक्षा बरी आहे. जे बोटांना कळत नाही ते डोळ्यांनी वाचायचं. जिगहेड पाण्यात पडलं की दोरी पाण्यावर कमानीसारखी हळूहळू ताणत जाते आणि तळ लागला की सैल पडते. अब्बा ते ‘सुभानल्लाह’ने मोजतात. आमच्या जेट्टीखाली अर्ध्या ओहोटीला सात होतात. सातव्याला सैल पडली तर तळ. पाचव्यालाच पडली, किंवा बाजूला सरकली, तर मध्येच कोणीतरी घेतलंय. मग झटका द्यायचा नाही. रीळ भराभर फिरवून ढील काढायची आणि काठी वर घ्यायची.

तळ लागल्यावर काठीचं टोक हातभर उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. पडताना दोरी अगदी मोकळी सोडायची नाही आणि ताणून धरायचीही नाही. उचल, सोड, दोन वेटोळी गुंडाळ, थांब. बहुतेकांना थांबणं जमत नाही. कोळंबी काही पाण्यात सतत पळत नसते. कांदळाच्या मुळांजवळ गरीचं टोक प्लास्टिकच्या आत लपवायचं, नाहीतर दर फेकीला फांदी येते. जिताड्यासाठी चापट शेपटीचा तीन-चार इंची मासा लावून नुसता सावकाश ओढला तरी पुरतं.

सुरुवातीला अब्बांचा याला विरोध होता. ‘जनावराला खोटं खाणं दाखवायचं?’ मी म्हटलं, कोळंबीत गरी लपवत होतात ते काय होतं? त्यावर म्हणाले, ‘त्यात निदान कोळंबी तरी होती.’ याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण त्यांच्या बोलण्याचा रोख मला कळतो. पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, पण जिवंत जनावराला नुसता निशाणा करू नये हेही आपल्याला शिकवलेलं आहे. मोबाइलवर फोटो काढायचा, मासा सोडायचा, पुन्हा दुसरा ओढायचा, असं दिवसभर करणारे शहरातून येतात. मासा सोडतात म्हणून ते आपल्याला दयाळू समजतात. मला तो हिशेब पटत नाही. आमच्या घरी पातेल्यापुरता मासा झाला की काठी आवरायची. गरीचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे लहान तांबोशी आली तर न फाटता सुटते. (आपल्या बोटात गरी गेली तर तीही सुटते.) आणि फाटलेलं प्लास्टिक खिशात घालून घरी आणायचं. केंड मासा शेपट्या कुरतडतो तेवढं प्लास्टिक खाडीत जातंच, त्यात आपण भर घालू नये.

आपल्या लोकांच्या हाताशी एक गोष्ट आयती आहे, तिचा उपयोग करा. भरतीचं कोष्टक शोधत बसू नका, चांदची तारीख बघा. पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या चांदला उधाण, आठव्या आणि बाविसाव्याच्या आसपास भांग. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा. उधाणाला प्रवाहाची ओढ एवढी की ७ ग्रॅम तळाला पोचतच नाही, १४ लागतात. भांगाला १४ धोंड्यासारखे पडतात, मासा बिचकतो. तेव्हा ७ किंवा ५. जागा म्हणाल तर ओहोटीच्या शेवटच्या तासाला लहान वहाळ मुख्य खाडीला मिळतो ते तोंड. बोयची पिल्लं आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर येतात आणि मोठे मासे तिथे तोंड वासून उभे असतात.

अब्बा परत पाण्यावर आले ते अशाच एका ओहोटीला. मी रबरी बूट घालायला लावले. त्यावरून वाद झाला, पण बधिर तळव्याला कालवाची धार लागलेली कळत नाही आणि साखरेत ती जखम भरत नाही. चौथ्या की पाचव्या फेकीला पिवळी दोरी तिसऱ्याच सुभानल्लाहला सैल पडली. मला दिसलंसुद्धा नाही. त्यांनी ढील काढली, काठी उचलली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत हलला. दीड किलोची तांबोशी होती. अम्मीने तिचं सालन केलं. अब्बा जेवताना माशाबद्दल काही बोलले नाहीत. ‘हाडापर्यंत ऐकू आलं,’ एवढंच म्हणाले.

कार्बनची काठी घेणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. तिच्यातून वीज वाहते. खाडीवरून विजेच्या तारा गेल्यात तिथे ती उभी धरून चालू नका आणि पावसाळ्याच्या तोंडाला आभाळ गडगडायला लागलं की गुंडाळून घरी या. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कड्या पुसा. आमिषं मूळ पाकिटातच ठेवा. वेगवेगळ्या जातीची एकत्र ठेवली तर वितळून त्यांचा गोळा होतो.

आज सातवा चांद आहे. परवापर्यंत भांग राहील. अब्बांना ५ ग्रॅमची डोकी हवी आहेत आणि इथल्या दुकानात सातच्या खाली काही नाही, म्हणून उद्या शाळा सुटल्यावर रत्नागिरीला जाऊन येणार आहे.