हयातीचा दाखला



आपल्या या पानावर राजवाडा झाला, सराफा झाला, जुने गणेशोत्सव, होळकर संघ, लोकांच्या आजोबांच्या नोकऱ्या, सगळं लिहून झालं. आज मी गोल्फवर लिहिणार आहे. हसू नका. मी स्वतः गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही, तुमच्यापैकी बहुतेकांनीही धरली नसेल. पण लिहायचंय ते एका सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या माणसाबद्दल, आणि या पानावर निम्मे लोक त्याच वयाचे आहेत.

१९८५ ते ८८ मी बँकेच्या महू शाखेत होतो. (आता गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण आपल्या तोंडी महूच.) रोज इंदूरहून मीटर गेजच्या गाडीनं अप-डाऊन. शाखेत निम्मे खातेदार लष्करातले. त्यात एक निवृत्त कर्नलसाहेब होते, पेन्शन घ्यायला यायचे आणि अर्धा तास गोल्फवर बोलायचे. मला पहिला धक्का बसला तो हिशेबाचा. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडा वाढला की खूश. इथे जो कमी फटक्यांत चेंडू छिद्रात घालील तो जिंकणार. कर्नलसाहेब म्हणाले, "देशपांडे, ये खेल खर्चे का है, जमा का नहीं." मला ते एकदम पटलं.

एकदा त्यांनी एक परदेशी मासिक आणलं. त्यात रंगीत फोटो होता: पिवळट केसांचा एक तरुण, शर्ट लाल, पँट लाल, आणि त्यावर हिरवा कोट. आपल्याकडे वरातीतला बँडवाला शोभला असता. हा बर्नहार्ड लँगर. अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स नावाची मोठी स्पर्धा होते, तिथे जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात. १९८५ ची ती स्पर्धा यानं जिंकली होती. कर्नलसाहेबांना कौतुक त्याचं होतं की हा गवंड्याचा मुलगा आणि मुळात कॅडी, म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची बॅग उचलणारा पोरगा. महूत अशी पोरं रोज दिसायची, म्हणून ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

लँगरचा जन्म २७ ऑगस्ट १९५७ चा, जर्मनीत आउग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन नावाच्या खेड्यातला. वडील युद्धकैदी म्हणून सैबेरियाकडे नेले जात असताना गाडीतून उडी मारून पळाले आणि त्या खेड्यात येऊन गवंडीकाम करू लागले. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून गोल्फ क्लबात बॅगा उचलायला जायचा. तिथेच बघून बघून शिकला. जर्मनीत तेव्हा गोल्फ कोणाला ठाऊक होतं! १९७२ साली, पंधराव्या वर्षी, तो पोटापाण्यासाठी या खेळात शिरला. मोठ्या चार स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा तो पहिला जर्मन. १९८६ साली गोल्फची जागतिक क्रमवारी पहिल्यांदा निघाली, तेव्हा पहिल्या नंबरावर हाच. १९९३ ला पुन्हा मास्टर्स.

इथवर कोणाही मोठ्या खेळाडूची गोष्ट झाली. मला त्याच्या हाताबद्दल सांगायचंय.

गोल्फमध्ये लांबचा फटका म्हणजे दिखावा, खरी वसुली छिद्राजवळ. तीन-चार फुटांवरून चेंडू हळूच ढकलायचा, त्याला पट म्हणतात. काम लहान मुलाचं. पण काही खेळाडूंना त्या क्षणी हात अचानक झटका देतो, मनगट ऐकत नाही. त्याला यिप्स असं नाव आहे. बऱ्याच जणांची कारकीर्द त्यात संपली. लँगरला हे अठरा-एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा झालं, आणि नंतर आणखी तीनदा. एकूण चार वेळा! दरवेळी त्यानं काठी धरायची पद्धत बदलली. आधी डावा हात खाली, उजवा वर, म्हणजे उलटं. नंतर आणखी विचित्र: डाव्या हातानं काठी बरीच खाली धरायची आणि उजव्या हातानं काठीसकट डावा हात कोपराखाली आवळून धरायचा, मोडलेल्या हाताला फळी बांधतात तसा. १९९३ ची मास्टर्स त्यानं असाच हात बांधून जिंकली. पुढे छातीपर्यंत येणारी लांब काठी घेतली, झाडूसारखी. लोक हसत असतील, बघत असतील, त्यानं लपवलं काहीच नाही.

१९९१ चा प्रसंग तर गोल्फवाल्यांना पाठ आहे. रायडर कप, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप. सगळ्या स्पर्धेचा निकाल शेवटच्या सामन्यावर, त्यात लँगर, समोर अमेरिकेचा हेल अर्विन. शेवटच्या छिद्रावर लँगरसमोर सहा फुटांचा पट. गेला असता तर कप युरोपकडे राहिला असता. नाही गेला. अमेरिका १४½–१३½ नी जिंकली. आपण असतो तर वर्षभर घराबाहेर पडलो नसतो. हा माणूस पुढच्याच आठवड्यात जर्मनीत स्पर्धा खेळला आणि जिंकला. हेल अर्विन हे नाव लक्षात ठेवा.

आता सीनिअर टूर. इतर खेळांत पस्तिशी-चाळिशीत माणूस समालोचक होतो. गोल्फमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी अमेरिकेत १९८० पासून वेगळी टूर आहे, आता तिला चॅम्पियन्स टूर म्हणतात. बहुतेक स्पर्धा चारऐवजी तीन दिवसांच्या, बक्षिसं मात्र भरभक्कम. पण ही काही हास्यक्लबाची सहल नाही. दरवर्षी पन्नाशीचे नवे, ताजेतवाने लोक येतात आणि जुने मागे पडतात. साधारण पन्नास ते पंचावन्न ही तिथली भरभराटीची वर्षं समजतात. म्हणजे निवृत्तीतसुद्धा निवृत्ती!

लँगर २००७ साली, पन्नास पूर्ण झाल्याबरोबर तिथे गेला आणि दोनच महिन्यांत जिंकला. आणि मग दरवर्षी जिंकत गेला. २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला सीनिअर ओपन जिंकली, विमानानं अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला गेला, आठ तासांचा घड्याळाचा फरक, आणि लगेच पुढच्या रविवारी अमेरिकेची सीनिअर ओपन जिंकली. २०१४ ची सीनिअर ओपन तर तेरा फटक्यांनी. २०१७ ला, साठीच्या उंबरठ्यावर, एका मोसमात सात विजय, त्यात तीन मोठ्या स्पर्धा. (वर्षाचा चषक मात्र एकच स्पर्धा जिंकलेल्या केव्हिन सदरलंडला मिळाला, कारण शेवटच्या स्पर्धांचे गुण जास्त. मला ही हिशेबपद्धत अजून मान्य नाही. वर्षभराची उलाढाल सोडून ३१ मार्चची शिल्लक बघण्यासारखं आहे.)

मध्ये एक विघ्न आलं. १ जानेवारी २०१६ पासून काठीचं टोक छातीला टेकवून पट करायला बंदी झाली. लँगरची सगळी मदार त्यावर. लोक म्हणाले, संपला. त्यानं काठी तीच ठेवली, फक्त वरचा हात छातीपासून वेगळा धरायला शिकला. अठ्ठावन्नाव्या वर्षी! त्याच वर्षी दोन मोठ्या स्पर्धा आणि वर्षाचा चषकही. मग कुजबुज सुरू झाली की हात टेकतोच आहे, फसवतोय. २०१७ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेला जाहीर सांगावं लागलं की नियमभंगाचा काही पुरावा नाही. मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. माझं मत विचाराल तर अंतर आहे. थोडं आहे, पण आहे.

तुम्ही म्हणाल, देशपांडे, निवृत्तीनंतर एवढे व्हिडिओ? त्याला कारण आहे. मुलगी फिनिक्सला असते. जावईबापूंना गोल्फचं वेड. तिकडे गेलं की दर शनिवार-रविवार टीव्हीवर हेच, आणि महूच्या मासिकातला लाल पँटवाला अजून खेळतोय हे मला तिथे कळलं. इकडे परतल्यावर मी मोबाईलवर बघू लागलो.

२०२२ मध्ये माझा सोसायटीचा चेक परत आला. शेरा: सही जुळत नाही. ज्या बँकेत माझं पेन्शन खातं आहे तिथलीच गोष्ट, नाव घेत नाही. माझा उजवा हात दोनेक वर्षांपासून थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन वगैरे काही नाही, नुसता कंप, पुष्कळांना असतो. ठीक. मी शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, आदरानं बोलला. म्हणाला, "अंकल, अंगूठा लगा दीजिए, झंझट ही खत्म."

मंडळी, सदतीस वर्षं मी लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या. १९७४ साली रुजू झालो तेव्हापासून माझी स्वतःची इंग्रजी सही एका झोकात व्हायची, शेवटी एक शेपूट. हजारो ड्राफ्टांवर ती गेली असेल. आणि आता अंगठा. मी काही न बोलता घरी आलो. त्यानंतर चारपाच महिने मी चेकबुक कपाटातून काढलंच नाही. लग्नकार्यात कपबशी हातात घेणं टाळू लागलो, "चहा सोडला" म्हणायचो. सौ. सगळं ओळखून होती, बोलली नाही.

असाच एकदा मोबाईलवर १९९३ ची मास्टर्स बघत होतो. तो हात बांधलेला पट. नंतर टेबलाशी बसलो, कोपर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि जाड पेनानं मराठीत नाव लिहिलं. एकेक अक्षर सुटं. झोक गेला, शेपूट गेलं. सौ. म्हणाली, "पहिलीतल्या मुलाची वाटते." वाटू दे. दहा वेळा केली, दहाही सारख्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात बँकेत जाऊन नवीन नमुना सही दिली. त्या मुलानं कार्ड बघितलं, म्हणाला, "हिंदी में?" मी म्हणालो, "मराठी में." चेक तेव्हापासून परत आलेला नाही.

असो. विषय लँगरचा आहे.

२ जुलै २०२३ ला विस्कॉन्सिनमध्ये त्यानं अमेरिकेची सीनिअर ओपन जिंकली, पासष्ट वर्षांचा असताना, दोन फटक्यांनी, तिथल्याच स्टीव्ह स्ट्रिकरला मागे टाकून. हा सीनिअर टूरवरचा सेहेचाळिसावा विजय. आधीचा विक्रम पंचेचाळीसचा होता, आणि तो होता हेल अर्विनचा. सहा फुटांच्या त्या पटानंतर बत्तीस वर्षांनी.

पुढच्या फेब्रुवारीत पिकलबॉल खेळताना टाचेची शीर तुटली. ऑपरेशन झालं. ऑगस्टाची आपली शेवटची मास्टर्स त्यानं त्या वर्षी ठरवली होती, ती पुढे ढकलावी लागली. तीन महिन्यांत तो मैदानात आला, पण वर्ष कोरडं चाललं. नोव्हेंबर आला, मोसमाची शेवटची स्पर्धा उरली. २००७ पासून एकही वर्ष विजयाशिवाय गेलं नव्हतं. आपण नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो ना, तसा हा दरवर्षी देत आला होता. यंदाचा बाकी होता.

ती शेवटची स्पर्धा फिनिक्सला होती, आणि आम्ही दोघं तेव्हा मुलीकडे. (माझा स्वतःचा दाखला त्याच आठवड्यात मोबाईलवर चेहरा दाखवून पाठवला. तिसऱ्या प्रयत्नात ॲपनं मला जिवंत मानलं.) रविवारी जावईबापू मला घेऊन गेले. ताडासारखी उंच झाडं, टोप्या घातलेली माझ्या वयाची गर्दी, कोणी ढकलाढकली करत नाही. मी घडीची खुर्ची घेऊन अठराव्या छिद्रापाशी बसलो. लँगर दिसला तेव्हा आधी वाटलं, केवढा सडपातळ आहे. ऑपरेशनचा पाय किंचित जपून टाकत होता. सुमारे तीस फुटांवरून पट होता. घातला तर एका फटक्यानं जिंकणार होता. लांब काठी, वरचा हात छातीपासून सुटा. माझ्या जागेवरून अंतर अगदी स्वच्छ दिसलं, हे नोंदवून ठेवतो.

चेंडू गेला. सत्तेचाळिसावा विजय, वय सदुसष्ट. जावईबापू माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबा, तुम्ही उभे का राहिलात? मागच्यांना दिसत नाहीये."

आपल्या इंदूरकरांना हे नवलाचं वाटू नये म्हणा. सी. के. नायडू एकसष्ट वर्षांचे असताना उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. आणि गोल्फच म्हणाल तर आपल्या महूच्या मुकेश कुमारनं २०१६ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, दिल्लीला पॅनासॉनिक ओपन जिंकली. आशियाई टूरवर त्या वयात जिंकलेला तो पहिलाच. वर्तमानपत्रात किती जागा मिळाली ते तुम्हीच आठवून बघा.

फिनिक्सनंतर सहा आठवड्यांनी लँगरनं मुलगा जेसनबरोबर पिता-पुत्रांची स्पर्धा जिंकली, समोर टायगर वुड्स आणि त्याचा मुलगा. एप्रिल २०२५ मध्ये ऑगस्टाला शेवटची मास्टर्स खेळला. शनिवार-रविवार खेळायला मिळण्यासाठी पहिल्या दोन दिवसांत ठरावीक आकड्याच्या आत राहावं लागतं. पोरं त्याच्यापेक्षा कितीतरी लांब मारत होती. एका फटक्यानं राहिला. अठराव्या छिद्राभोवती लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बायकामुलं कडेला होती.

तिथून निवृत्त झाला तो फक्त ऑगस्टापुरता. सीनिअर टूर सोडलेली नाही. मुलगी मला म्हणाली, "बाबा, आता तरी त्याला थांबू दे." मी म्हटलं, त्याला विचार.