या खिशातून त्या खिशात

जुलै महिना आला की शहाद्यात दोन कामं एकदम सुरू होतात. शेतात कापसाची निंदणी, आणि आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर फॉर्म 16 चे ढीग. मी सीए वगैरे काही नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एवढीच पात्रता. पण 'सरल' नावाचा तो एक पानी फॉर्म होता ना, त्या काळापासून मी माझं रिटर्न स्वतः भरतो. ते बघून एकेका नातेवाइकाने आपली पिशवी माझ्याकडे सरकवली आणि ते अजून चालूच आहे. (फी म्हणजे चहा. हंगामात पपई.)

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिघांनी तोच जुना प्रश्न विचारला, "नोकरी बदलली, पीएफ काढू की ट्रान्सफर करू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून 2024 च्या जुलैत आमच्याच टेबलावर जे झालं ते इथे सविस्तर लिहून टाकतो. कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही. 1961 चा कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासूनचा कायदा 2025 चा, त्यात आकडे सगळे हलले. खाली जे हिशेब आहेत ते 2023-24 या वर्षाचे.

आधी आपल्या भागाबद्दल थोडं. ऊस, केळी, पपई, कापूस यांवर चालणारा हा तालुका. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यातून एक समजूत मुरलेली आहे की ज्यावर कर नाही ते सांगायचंही नाही. पण तसं नसतं. माझा धाकटा भाऊ शिक्षक आहे आणि त्याची तीन एकर पपईही आहे. शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेलं की साधा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो. त्या उत्पन्नावर कर नाही, पण पगारावर कोणता दर लागणार ते ठरवताना ते हिशेबात धरतात. हे त्याला मी दर वर्षी समजावतो आणि तो दर वर्षी नव्याने चकित होतो :-)

असो. तर त्या संध्याकाळी टेबलाच्या एका बाजूला माझा भाचा बसला होता आणि दुसऱ्या बाजूला पुतणी. दोघंही पीएफचे कागद घेऊन आलेले.

भाच्याची गोष्ट अशी. चाकणला एका कारखान्यात ऑगस्ट 2020 ते मार्च 2023 अशी 32 महिने नोकरी. ती सुटली. मे महिन्यात म्हसावदकडच्या शेतातली जुनी बोअर आटली. केळी उभी होती. मेहुण्यांनी तोंडाने काही मागितलं नाही, पण पोराला दिसत होतं. त्याने जूनमध्ये पीएफ काढला, नवी बोअर मारली, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात दुसरी नोकरी धरली. या निर्णयावर मला काहीही बोलायचं नाही. केळी वाळताना पाहून 'निवृत्तीसाठी ठेव रे' असं सांगणारा मामा मला व्हायचं नाही.

अडचण पुढे होती. पीएफ काढून देण्याचं काम त्याने पुण्यातल्या एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानदाराकडे दिलं होतं. खात्यात होते 83,200 रुपये. पाच वर्षांची सलग सेवा नाही आणि रक्कम 50,000 च्या वर, म्हणून 10 टक्के म्हणजे 8,320 कापले गेले आणि हातात आले 74,880. त्याचं एकूण उत्पन्न करपात्र होणारच नव्हतं, तेव्हा 15जी हा फॉर्म जोडला असता तर एक रुपयाही कापला गेला नसता. दुकानदाराने तो जोडला नाही. वर सांगितलं, "टॅक्स कापला गेलाय, विषय संपला."

भाचाही तेच म्हणत होता. "मामा, टॅक्स तर कापलाच की. आता परत काय सांगायचं?" आणि मग अहिराणीत, "पैसा मनाच शेतस ना?"

प्रश्न चोख होता. पैसे त्याचेच. पण सगळे एकाच जातीचे नव्हते. मी पासबुकाची प्रिंट काढून त्याच्यासमोर रेघा मारल्या. त्याच्या पगारातून गेलेले 57,600. कंपनीने घातलेले 17,600. दोन्हींवरचं व्याज 8,000, त्यातलं 6,100 त्याच्या वाट्यावरचं आणि 1,900 कंपनीच्या वाट्यावरचं. पाच वर्षांच्या आत काढलं की कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळून 19,500 पगारासारखे धरतात. स्वतःच्या वाट्यावरचं व्याज 6,100 हे इतर उत्पन्न. आणि स्वतःचे 57,600? त्यांच्यावर आधीच्या वर्षांत 80सी ची वजावट घेतली असती तर ती परत मोजावी लागली असती. त्याचा पगार तेव्हाही कर लागण्याइतका नव्हता, वजावट त्याने घेतलीच नव्हती, म्हणून तिथे काही नाही.

म्हणजे 83,200 पैकी खऱ्या अर्थाने उत्पन्न 25,600. नव्या नोकरीचा आठ महिन्यांचा पगार साधारण 2 लाख 80 हजार. सगळं मिळवूनही कर शून्य. कापलेले 8,320 पूर्ण परत मिळणार होते, पण रिटर्नमध्ये ही मोड नीट सांगितली तरच. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, 83,200 ची नोंद केव्हाच येऊन बसलेली असते. कापलेला कर परत मागायचा आणि तो ज्या रकमेवर कापला तिचा उल्लेखच करायचा नाही, हे चालत नाही. रिटर्न सदोष ठरवून परत पाठवतात. आणि 83,200 सगळेच्या सगळे उत्पन्न म्हणून टाकले तर ते खोटं. यंत्राला रक्कम दिसते, ती कशाची आहे ते दिसत नाही. ते आपणच सांगायचं असतं.

त्याचं अर्ध लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतंच. तो मामेबहिणीच्या कागदांकडे बघत होता.

तिने 2018 मध्ये नाशिकला पहिली नोकरी धरली, 3 वर्षं 2 महिने. मग दुसरी कंपनी, 2 वर्षं 4 महिने. 2023 च्या शेवटी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नोकरी सोडून घरी आली आणि पीएफ काढला, 1,91,000 रुपये. कर किती कापला? काहीच नाही. "हिचे कसे काय माफ? दुसऱ्या नोकरीत तर ही माझ्यापेक्षाही कमी राहिली!"

त्याचं म्हणणं खरंच होतं. पण पहिली नोकरी सोडताना तिने पैसे काढले नव्हते, नव्या खात्यात वळवले होते. ऑनलाइन फॉर्म 13, बस. पैसे वळवले की आधीची सेवाही त्यांच्याबरोबर येते. तिची झाली 5 वर्षं 6 महिने. सगळी रक्कम करमुक्त. रिटर्नमध्ये फक्त करमुक्त उत्पन्नाच्या यादीत ती दाखवायची. आणि 2021 मध्ये वळवले तेव्हा? तेव्हा तर काहीच सांगायचं नव्हतं. या खिशातून त्या खिशात गेले, हातात आलेच नाहीत.

गंमत म्हणजे दोघांच्या जुन्या खात्यांचं पासबुक शेवटच्या ओळीत सारखंच दिसतं. शिल्लक शून्य.

भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "दुकानदार म्हणाला होता, पेन्शनचेपण काढून देतो. पण नावाच्या स्पेलिंगमुळे तो फॉर्म परत आला, मग राहूनच गेलं. आता ते तरी काढून घेऊ का?"

हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात (तेही 15,000 च्या पगारावरच मोजून), आणि ते या 83,200 मध्ये नव्हतेच. ते काढले असते तर त्याला 40,000 च्या आसपास मिळाले असते आणि 32 महिन्यांची सेवा पुसली गेली असती. या योजनेत दहा वर्षांची सेवा झाली की 58 व्या वर्षी पेन्शन लागतं. त्या दहांतली पावणेतीन वर्षं एका स्पेलिंगमुळे वाचलेली होती! आता तर तो नोकरीत होता. नोकरी लागल्यावर ते पैसे काढायचे नसतात, जोडून घ्यायचे असतात. फॉर्म 10सी हा पैसे काढायलाही असतो आणि सेवेचा दाखला घ्यायलाही. दाखला घे, म्हणालो. स्पेलिंग आधी आधारप्रमाणे करून घे. सप्टेंबरात त्याचे 8,320 परत आले, त्याने स्क्रीनशॉट पाठवला. दाखल्याला जास्त वेळ लागला, पण तोही मिळाला.

हीच दोन भूतं त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू जर्सीहून फोनवर आली होती. माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिकडची रिटर्न 15 एप्रिलपर्यंत असतात आणि बरेच लोक सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नोत्तरं करत स्वतःच भरतात. जिजाजींनी 2023 मध्ये नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीतला 401(के) चा पैसा थेट आयआरए नावाच्या खात्यात वळवला. त्याचा 1099-आर हा कागद आला. बहिणीने पहिल्या चौकटीतली रक्कम टाकली आणि वरच्या कोपऱ्यातला परताव्याचा आकडा धाडकन खाली आला. ती रडवेली. मी म्हटलं, अगं सगळ्या चौकटी भर आधी. करपात्र रकमेच्या चौकटीत शून्य होतं आणि सातव्या चौकटीत 'जी' हे अक्षर. 'जी' म्हणजे थेट वळवले. ते टाकलं आणि आकडा परत जागेवर आला.

इथे आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे. आपल्याकडे वळवलेला पीएफ रिटर्नमध्ये येतच नाही. त्यांच्याकडे तो दाखवायचा, आणि करपात्र शून्य म्हणायचं. आणि तेच पैसे कंपनीने जिजाजींच्या हातात दिले असते तर 20 टक्के आधीच कापून घेतले असते. मग 60 दिवसांच्या आत पूर्ण रक्कम, कापलेली स्वतःच्या पदरची घालून, नव्या खात्यात भरायची. नाही जमलं तर त्यावर कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर साधारणपणे वर 10 टक्के दंड.

दुसरा कागद 1099-क्यू. भाचीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या 529 योजनेतून 18,000 डॉलर काढलेले, त्यात वाढीचा भाग 5,400. कागद भाचीच्या नावाने आला, कारण पैसे तिच्या खात्यात गेले होते. फी, पुस्तकं, राहणं-जेवण मिळून खर्च 18,400. (विमानाचं तिकीट यात धरत नाहीत, ते तिने वेगळं काढलं.) सगळं ठीक वाटत होतं. पण त्यातल्या 4,000 डॉलर फीवर बहीण-जिजाजी वेगळी 2,500 डॉलरची करसवलत घेत होते, आणि एकच खर्च दोन ठिकाणी दाखवता येत नाही. उरला खर्च 14,400, म्हणजे 3,600 जास्तीचे काढले. त्यातला वाढीचा भाग 1,080 भाचीचं उत्पन्न. अशा कारणाने करपात्र झालं तर 10 टक्के दंड नाही, आणि तिचं दुसरं उत्पन्न नसल्याने कर देण्याएवढीही ती रक्कम नव्हती. शून्यच. पण त्या शून्याला पोहोचायला बहिणीला आणि मला दोन रविवार लागले.

आपल्याकडे मुलींसाठी त्याच्या जवळपासची गोष्ट म्हणजे सुकन्या समृद्धी. 22 जानेवारी 2015 ला योजना आली आणि शिक्षक भावाने त्याच वर्षी पोस्टात लेकीचं खातं उघडलं. वर्षाला 50,000. 2023 मध्ये ती अठराची झाली, बारावी झाली, नाशिकला बीफार्मला प्रवेश मिळाला. मार्च 2023 अखेर खात्यात 5 लाख 70 हजारांच्या आसपास होते. शिक्षणासाठी त्यातले निम्म्यापर्यंत काढता येतात, तेही पावतीवर असेल तेवढेच, वर्षातून एकदा, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिल्या वर्षी 1,10,000 काढले.

भाऊ विचारत होता, हे माझ्या रिटर्नमध्ये कुठे टाकायचं? कुठेच नाही. अठरा झाल्यावर खातं ती चालवते, सही तिची, पैसे तिच्या बँक खात्यात गेले, आणि ते करमुक्त आहेत. तू भरतोस ते 50,000 तेवढे 80सी मध्ये दाखव, जुनी पद्धत घेणार असशील तर.

एवढ्यात आई आतून म्हणाली, "बाकीचे लग्नाला ठेवा." अठरानंतर लग्नाच्या वेळी खातं बंद करून पैसे घेता येतात, हे तिला पोस्टातल्या बाईंनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. भावाने मान डोलावली. मी काही बोललो नाही.

धाकटी पुतणी मात्र तिथेच उभी होती. "काका, आणि काढलेच नाहीत तर?"

खात्याला 21 वर्षं 2036 मध्ये होतात, 15 वर्षांचे हप्ते 2030 मध्ये संपतात, पुढे नुसतं व्याज. जानेवारी 2024 पासून दर 8.2 टक्के होता. तो बदलू शकतो हे सांगून मी तिला भाच्याच्या पासबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दिला. तिने कागद घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या वर्षाच्या फीची पावती पोस्टात कधी द्यायची ते विचारलं.