वेळूचें जोडधनुष्य

गेल्या नाताळच्या सुट्टींत आम्हीं घरींच वेळूचें पहिलें जोडधनुष्य केलें. वेळूचे बळकट तंतु सालीलगत दाट असतात व आंतील भाग पोचट असतो. म्हणून तो तासून दोन सारख्या कामट्या घेतल्या, मध्यें सरस घातला आणि वळणदार सांच्यावर दोन दिवस करकचून बांधून ठेविल्या. दोन सुट्या कामट्यांचा ताठपणा एकीच्या दुप्पट. त्याच एकजीव झाल्या म्हणजे तो सुमारें आठपट होतो. साल निशाणाकडे ठेवावी, कारण ओढतांना ताण त्या अंगास पडतो.

खरें कसब पुढेंच. दोन्ही बाहू सारखे वांकेपर्यंत तासावें लागतें. एखादी जागा अधिक वांकली, तर तिला हत्यार लावावयाचें नाहीं. भोंवतालचा ताठ भागच तासावयाचा. तोल न साधल्यास दुबळी जागा मोडते. आसाफाच्या ७८ व्या स्तोत्रांत फसव्या धनुष्याची उपमा आहे. ती आम्हांस तासतांना वारंवार आठवली.

आम्हां शिक्षकांसही हाच नियम लागू आहे. जें मूल घरच्या भारानें आधींच नमलें आहे, त्याजवर आणखी शब्दांचा रंधा कशाला? ताठ भाग आमच्या शिस्तींत कोठें आहे, तें प्रथम पाहावें.