पुरवणी

माझी धाकटी मुलगी काय करते, असा प्रश्न कोणी केला म्हणजे पूर्वीं मी जरा अडखळत असें. "मुंबईस नोकरी करते," एवढ्यानें विचारणाऱ्याचें समाधान होत नसे, आणि 'ॲनिमेशन' हा शब्द उच्चारला कीं आमचे सहकारी "म्हणजे तीं लहान मुलांचीं कार्टुनें ना?" असें म्हणून प्रेमळपणें हंसत. आतां मी सरळ सांगतों, "ती चित्रांना चालावयास शिकविते." हें उत्तर मीं तिच्याच तोंडून उचललेलें आहे, परंतु त्यांतील सत्य पटण्यासाठीं मला तिच्या शेजारीं एक अख्खी रात्र बसावें लागलें.

गेल्या दिवाळींत ती चार दिवस पुण्यास आली ती आपलें यंत्र बगलेंत मारूनच. फराळाचीं ताटें उचललीं गेलीं, घर निजलें, आणि ती काम घेऊन बसली. प्रसंग अवघा चार सेकंदांचा होता: एक म्हातारा बाजेवरून उठतो. मला वाटलें, यांत काय मोठेंसें आहे? तेव्हां तिनें मला हिशेब सांगितला. पडद्यावरून एका सेकंदाला चोवीस चित्रें सरकतात. सारें हातानें काढीत त्या काळीं बहुधा एकेक चित्र दोनदां टिपून बारांवर भागवीत. तरी चार सेकंदांना अठ्ठेचाळीस चित्रें झालींच. आतां मधलीं चित्रें संगणक भरून काढतो; परंतु म्हातारा आधीं हात टेकतो कीं आधीं मान पुढें काढतो, पायांवर भार कोणत्या क्षणीं पडतो, हें ठरवावयास माणूसच लागतो. "संगणक त्याला चालवतो, बाबा, पण त्याची चाल मला शोधावी लागते," ती म्हणाली.

मग तिनें मला खुर्चीवरून उठावयास सांगितलें. मी तीनदां उठलों आणि तीनदां बसलों. "उठण्यापूर्वीं तुम्ही उजवा गुडघा चोळतां, हें तुम्हांला ठाऊक आहे का?" तिनें विचारलें. मला ठाऊक नव्हतें. तीस वर्षें मी वर्गांत निरीक्षणशक्तीवर व्याख्यानें देत आलों आहें. पण माझ्याकडे इतकें बारकाईनें कोणी पाहिल्याचें मला आठवेना, आणि मींहि कोणाकडे पाहिल्याचें आठवेना.

साडेदहा वाजतां तिची बैठक सुरू झाली. आपल्याकडील पुष्कळ स्टुडिओंना परदेशीं चित्रपटांचें काम मिळतें, आणि लॉस एंजेलिसला सकाळचे दहा वाजतात तेव्हां येथें रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यांत साडेअकरा. तिकडील साहेबाचा दिवस उगवतो तेव्हां इकडील कारागिराची रात्र चढत असते. म्हातारा अधिक जड वाटला पाहिजे, असें पलीकडून ठरलें. दोन वाजेपर्यंत ती त्याला जड करीत होती. मला दादासाहेब फाळके आठवले. १९१५ सालीं त्यांनीं आगकाड्या तसूतसूनें हालवून 'आगकाड्यांची मौज' हें चित्र घेतलें, हें आपण कौतुकानें सांगतों. पण त्यापूर्वीं सिनेमाच्या ध्यासापायीं केलेल्या जागरणांनीं त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती, हें त्याच कौतुकाच्या भरांत सांगून टाकतों, जणूं काय तेंहि एक भूषणच!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तिच्या खणांतून एक जुनी वही काढली. कॉलेजांत असतांना ती दर रविवारीं वेताळ टेकडीवर जाऊन पांखरें रेखाटीत असे. शेवटच्या पानावर एक बुलबुल होता. त्याला शेपटीच नव्हती. खालीं तारीख तीन वर्षांपूर्वींची.

आतां बाप आणि प्राध्यापक या दोन्ही जाती एका देहांत एकत्र झाल्या म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. मीं व्याख्यान आरंभिलें. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. आणि दाखला म्हणून तिच्याच धंद्यांतील एक थोर पुरुष पुढें केला. वॉर्ड किंबॉल हा डिस्नेच्या पदरीं असलेल्या नामांकित चित्रकारांपैकीं एक. १९४० सालच्या 'पिनोकिओ'मधील रातकिडा त्याच्या हातचा. या गृहस्थानें १९३८ सालीं खरेंखुरें वाफेचें इंजिन विकत घेतलें आणि घराच्या परसांत रूळ घालून तें चालविलें! शिवाय स्टुडिओंतील सोबत्यांना जमवून त्यानें जाझचा ताफा उभा केला. दुपारच्या सुटींतील वाजविण्यांतून तो ताफा जन्मला, आणि १९४९ पासून त्याच्या तबकड्या निघूं लागल्या. "काम करूनहि माणसाला हें सारें साधतें," असें म्हणून मीं विजयी मुद्रेनें चहाचा पेला उचलला.

तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "बाबा, त्याच्या परसांत रूळ मावत होते. आमच्या खोलींत चौघीजणींच्या चपला मावत नाहींत. आणि त्याला रात्रीं अकरा वाजतां मोबाइलवर दुरुस्त्या येत नव्हत्या."

मी निरुत्तर झालों. पण ती थांबली नाहीं. "शिवाय एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आली नाहीं. दिवसभर चित्रें काढणारा तो माणूस घरीं येऊन चित्रें काढीत बसला नाहीं; त्यानें ट्रॉम्बोन धरला, इंजिनांत कोळसा घातला. सारा दिवस रेघा मारल्यावर हात दमत नाहीं, बाबा, हौस दमते. पूर्वीं पांखरूं काढलें म्हणजे तें माझें असे. आतां पेन्सिल उचलली कीं वाटतें, हें कोणीतरी पसंत करावयाचें आहे."

त्या वाक्यानें मला विचारांत पाडलें. छंदच उपजीविकेचें साधन झाला तर माणसासारखा भाग्यवान नाहीं, असें आपण मुलांस शिकवितों. त्यांत खोटें कांहीं नाहीं; पण ज्या दिवशीं छंदाला पगार लागतो, त्या दिवशीं घरांतील एक माणूस नोकरीस लागून परगांवीं गेल्यासारखें होतें. महिन्याच्या महिन्याला त्याचे पैसे येतात. ओट्यावर गप्पा मारावयास मात्र तो नसतो. त्याच्या जागीं दुसरा कोणीतरी सोबती आणावा लागतो, आणि तोहि असा, कीं ज्याच्या गुणदोषांची उठाठेव जगांत कोणीच करूं नये.

"तुमची बासरी कोठें आहे?" तिनें एकदम विचारलें.

बासरी कपाटावरील ट्रंकेंत होती. तिशींत असतांना मी दोन वर्षें ती शिकलों. मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊं लागले, अभ्यासमंडळाच्या सभा आल्या, आणि 'एवढें हें वर्ष जाऊं दे' म्हणतां म्हणतां वीसांवर वर्षें गेलीं. कामानें मला सोडलें नाहीं, असें मी सर्वांना सांगत आलों. खरें असें आहे कीं मींच कामाला धरून बसलों होतों. गठ्ठे वेळेवर परत केले म्हणजे चार लोक वाखाणतात; बेसूर बासरी कोण वाखाणणार? माझ्या मुलीच्या रात्री दुसरे लोक घेतात. माझ्या संध्याकाळीं कोणी मागावयास आलें नव्हतें, त्या मीं आपण होऊन दिल्या. आणि तिला उपदेश करणारा मीच! कारागिराची रात्र ही आपल्या मालकीची मोकळी जागा आहे असें जो धंदा समजतो, त्याला वेळेच्या नियोजनाचे धडे द्यावयाचे सोडून आपण ते थकलेल्या माणसालाच देत असतों, हेंहि मला त्याच दिवशीं उमगलें.

दुपारीं तिनें मला मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाची हकीकत सांगितली. जगभर नांवाजलेला हा माणूस कामापायीं घरीं क्वचितच असे. त्याचा मुलगा गोरो २००६ सालीं आपला पहिला चित्रपट करीत असतां त्यानें जाहीरपणें लिहिलें कीं, दिग्दर्शक म्हणून वडिलांना पूर्ण गुण आणि बाप म्हणून शून्य.

गुण देण्यांत माझें आयुष्य गेलें. घेण्याची संवय नाहीं. तरी राहवलें नाहीं म्हणून विचारलें, "मग मला किती?"

ती इतका वेळ गप्प राहिली कीं विचारलें नसतें तर बरें झालें असतें, असें मला वाटूं लागलें. स्वयंपाकघरांत तिच्या आईच्या हातांतील भांड्यांचा आवाजहि थांबला. मग ती म्हणाली, "मी लहान असतांना तुमच्या खोलीच्या दाराशीं उभी राहून तुम्ही लाल पेन्सिलीनें खुणा करतां तें पाहात असें. मला वाटे, त्या गठ्ठ्यांत माझाहि कागद असावा, म्हणजे तुम्ही तो वाचाल." थोडें थांबून ती पुढें म्हणाली, "गुण आतांच देत नाहीं. तुम्ही पुरवणी घ्या."

तिच्या आईनें पदरानें डोळे टिपले, आणि मीं उगाच चष्मा पुसला.

मुंबईस गेल्यावर तिनें कंपनीशीं बोलून आठवड्यांतील दोन रात्री मोकळ्या मागितल्या. एक मिळाली: सोमवारची. त्या रात्रीं नऊ वाजतां ती तेथून आणि मी येथून फोनवर बासरी वाजवितों. तिनें नवी घेतली आहे. सा अजून तिचाहि लागत नाहीं आणि माझाहि. यंदाचें परीक्षकाचें काम मीं नाकारलें आहे. पहिल्याच सोमवारीं मात्र एका सभेंत अडकल्यामुळें मला नऊचे दहा झाले. फोन केला तेव्हां ती जागीच होती. "उशीर झाला," मी म्हणालों. "चालेल," ती म्हणाली, "अजून घंटा झालेली नाहीं."