फड बंद, सामना सुरू

10 एप्रिल 2021 हा शनिवार होता. आदल्या रात्री आठपासून महाराष्ट्रात शनिवार-रविवारचं कडक लॉकडाऊन सुरू झालं होतं. आमच्या माकणी गावात चहाच्या टपऱ्या बंद, सलून बंद, पारावर दोन माणसं टेकली तरी कुणीतरी हटकायचं. त्याच संध्याकाळी मुंबईत वानखेडेवर दिवे लागले आणि चेन्नई विरुद्ध दिल्ली असा आयपीएलचा सामना सुरू झाला. गावात घरोघरी तो मोबाइलवर चालू होता. आम्ही एरवी पारावर एकत्र बसून बघणारे, त्या रात्री आपापल्या घरात बसून एकमेकांना फोन करत होतो. धोनी शून्यावर गेला त्याची हळहळ दोन मिनिटांत संपली. नंतर तासभर एकाच गोष्टीवर वाद चालला. तालमीच्या वस्तादांनी विचारलं होतं, "मुंबईत कोरोना न्हाई व्हय? तितं खेळायलेत, मग आपल्या कुस्तीच्या फडाला काय झालंय?"

मला हा प्रश्न तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो. त्यामागचं दुःख समजायचं तर आमचा कट्टा माहीत हवा.

माकणी हे तेरणेवरच्या धरणाचं गाव. निम्न तेरणा प्रकल्प म्हणतात तो हाच. आमच्या कट्ट्यावर क्रिकेटवेडे जास्त. पण गावोगावच्या जत्रांचा हंगाम आला की सगळ्यांचं लक्ष मातीकडे वळतं. वस्ताद आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, पुण्यात कंपनीत काम करणारा माझा भाचा आहे, आणि खो-खोचं नाव काढलं की उठून बसणारे आमचे तात्या आहेत. उस्मानाबाद जिल्ह्यानं, म्हणजे आताच्या धाराशिवनं, खो-खोला किती मुली दिल्या हे त्यांना तोंडपाठ.

खरं सांगायचं तर कोरोना आमच्यापर्यंत पहिल्यांदा पोचला तो क्रिकेटमधून. मार्च 2020. धर्मशाळेत भारत-दक्षिण आफ्रिका सामना पावसानं धुऊन गेला. पुढचे दोन लखनौ आणि कोलकात्याला होते. आधी म्हणाले प्रेक्षकांविना खेळवू, मग म्हणाले रद्द. 29 मार्चला सुरू होणारी आयपीएल पुढे ढकलली. तोवर चीन, इटलीच्या बातम्या आम्ही लांबच्या म्हणून ऐकत होतो. पण भारताचा सामना रद्द होतो म्हटल्यावर तात्या म्हणाले, "पैसा सोडायलेत म्हंजी काम मोठं हाय." त्या एका वाक्यानं आमच्या कट्ट्याला जे पटलं ते नंतरच्या कुठल्याही दवंडीनं तितकं पटवलं नाही.

22 मार्चच्या जनता कर्फ्यूत संध्याकाळी पाचला आमच्याकडेही थाळ्या वाजल्या. टीव्हीवर मात्र काही शहरांत लोक मिरवणुका काढून, दाटीवाटीनं नाचून थाळ्या वाजवत होते. वस्ताद चिडले. "दिवसभर घरात बसून कमावलं ते पाच मिनिटांत घालवलं की!" भाच्याचं म्हणणं वेगळं. माणसं घाबरलेली आहेत, त्यांना एकत्र येऊन काहीतरी करायचं असतं, सामना जिंकल्यावर आपण रस्त्यावर येतो तसंच हे. दोघांचंही मला पटत होतं. आम्ही खेळाची माणसं गर्दीवर वाढलेली. गर्दीशिवाय आनंद कसा करायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मग शहरातून माणसं परतू लागली. पुण्या-मुंबईहून कुणी मोटारसायकलवर, कुणी मालाच्या गाडीत, कुणी कुठवर चालत. काही गावांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. आमच्याकडेही तशी भाषा सुरू झाली, आणि ती करणाऱ्यांत आमच्याच क्रिकेट टीमची पोरं होती. त्यांना गुरुजींनी फोनवरून गप्प केलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारी-सास्तूरपासून आमच्यापर्यंत सगळा पट्टा ढिगाऱ्यात होता. गुरुजी म्हणाले, तेव्हा ट्रक भरभरून धान्य, ब्लँकेटं घेऊन आले ते याच पुण्या-मुंबईचे लोक, त्यांना कुणी वेशीवर अडवलं नव्हतं. परतलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरलं, डबे आमच्या टीमच्या पोरांनीच पोचवले. खेळपट्टीच्या कडेला डबा ठेवायचा आणि मागं सरायचं. त्या पोरांचा मला अभिमान आहे.

गुरुजींनी त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सांगितली. सरकार ज्या कायद्यानं हे सगळं बंद करत होतं तो साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या वेळचा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरात घुसून, देवघरापर्यंत जाऊन तपासण्या करत होते. त्याचा शेवट चापेकरांच्या गोळीत झाला. गुरुजींचं म्हणणं असं की लोक तेव्हा रोगापेक्षा वागणुकीनं पेटले. एरवी लोक सहन करतात, पण अपमान आणि दुजाभाव सहन करत नाहीत. पुढची दोन वर्षं मला हे वाक्य जागोजागी खरं होताना दिसलं.

30 एप्रिल 2020 ला केंद्रानं जिल्ह्यांची लाल, नारिंगी, हिरवी यादी काढली. उस्मानाबाद हिरव्या यादीत होतं. महाराष्ट्रातले मोजून सहा जिल्हे हिरवे, त्यात आपण! कट्ट्याला अंतिम सामना जिंकल्यासारखं वाटलं. वाटलं, आता तालीम उघडेल. पण मे महिन्यात दारूची दुकानं उघडली आणि तालीम बंदच राहिली. ऑक्टोबरच्या पाच तारखेला हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेनं सुरू झाले. व्यायामशाळांना परवानगी मिळाली ती दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला. वस्तादांनी आयुष्यभर पोरांना एकच सांगितलं होतं, नशेच्या वाटेला जाऊ नका, तालमीत या. सरकारनं आधी कोणतं दार उघडलं ते पोरांनी बघितलं. महसूल हवा असतो हे मला कळतं. बंद खोलीत घामाघूम पोरं एकमेकांच्या अंगाला अंग भिडवतात, तिथं रोग पसरेल, हेही कळतं. पण हे कारण तालमीच्या दारात येऊन कुणी सांगितलं का? नाही. आदेशाचा कागद व्हॉट्सॲपवर आला, एवढंच.

पैलवानाचं गणित बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. दूध, तूप, बदाम, फळं असा त्याचा खुराक रोजचा असतो. तो चालतो जत्रेच्या इनामांवर. दिवाळीनंतर फड सुरू होतात, चैत्र-वैशाखात रोज कुठं ना कुठं कुस्त्या असतात. लहान पोरं शंभर-दोनशेवर लढतात, मोठ्या जोडीला हजारांत इनाम, शेवटच्या कुस्तीला त्याहून जास्त. या हंगामात वर्षाचा खुराक निघतो. 2020 चा चैत्र गेला, 2021 चाही गेला. आमच्या तालमीतला एक सत्तर किलोचा पोरगा, ढाक डाव लावण्यात पटाईत, त्याच्या बापानं पहिल्या वर्षी म्हैस विकली नाही. दुसऱ्या वर्षी विकली. पोरगा पुण्यात गोदामात कामाला लागला. हलगीवाल्यांचं तर कुणी नावही घेतलं नाही. फड नाही, लग्नाची वरात नाही, जत्रा नाही, म्हणजे त्यांना बारा महिने काम नाही.

मुलींचं नुकसान आणखी गप्प राहिलं. ऑगस्ट 2020 मध्ये आपल्या उस्मानाबादच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार. सोहळा 29 ऑगस्टला ऑनलाइन झाला. तात्यांनी तो मोबाइलवर बघितला आणि डोळे पुसत म्हणाले, "आता पोरींला मैदानावर आणाया हीच येळ हाय, आन् मैदानाला कुलूप." शालेय स्पर्धा वयोगटांवर चालतात, चौदा, सतरा, एकोणीस. सतराच्या आतली मुलगी दोन वर्षं घरी बसली की तिचा गट निघून जातो. काही मुली परत आल्या. काहींची तोवर लग्नं झाली होती. क्रिकेटच्या वेळापत्रकावर रात्रभर बोलणाऱ्या आम्हा बाप्यांनी या मुलींसाठी एकही अर्ज केला नाही, तात्या एकटेच बोलत राहिले.

2021 च्या मार्चमध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या टी-ट्वेंटीला साठ हजारांवर लोक आले. आम्ही टीव्हीवर ते चेहरे बघत होतो. मास्क हनुवटीवर, गळ्यात, हातात. तिसऱ्या सामन्यापासून प्रेक्षक बंद झाले. महिनाअखेर पुण्याजवळ गहुंज्याला वनडे झाल्या त्याही रिकाम्या स्टेडियममध्ये. तेव्हा काही चाहते जवळच्या टेकडीवर चढून, झेंडा घेऊन सामना बघत होते. त्या फोटोवरून आमच्यात भांडण झालं. भाचा म्हणाला, हा वेडेपणा. मी त्या टेकडीवरच्या माणसांच्या बाजूनं बोललो. मोकळी हवा, मधे अंतर, कुणाला त्रास नाही. नियम मोडायचा नाही आणि खेळही सोडायचा नाही, यावर त्यांनी स्वतः वाट काढली होती. मी तिथं असतो तर चढलो असतो.

त्यावरूनच आम्हाला सुचलं की आपणही प्रेक्षकांविना फड घ्यावा. पाच जोड्या, प्रत्येकाची आधी तपासणी, पंच, एक मोबाइल शूटिंगला, इनाम फोन-पेवर. वस्तादांनी जोड्याही मनात लावल्या होत्या. परवानगी मागायला गेलो तिथं आमचा कागद न वाचताच परत मिळाला. नाही म्हणण्याचं दुःख नव्हतं. एप्रिलमध्ये रोग ज्या वेगानं वाढला ते बघता नाही हेच उत्तर बरोबर होतं, आणि ते वस्तादांनीही नंतर मान्य केलं. पण फडात पंच कुस्ती सोडवतो तेव्हा दोन्ही पैलवानांना कारण सांगतो, आणि पाटलाचा पोरगा असो की सालगड्याचा, निर्णय एकच असतो. म्हणून हजारो माणसं त्याचं ऐकतात. आम्हाला तेवढंच हवं होतं.

मग 25 एप्रिल आला. वानखेडेवर जाडेजा खेळत असताना हर्षल पटेलच्या एका षटकात 37 धावा निघाल्या त्या दिवशी. एरवी अशा षटकावर आम्ही महिनाभर बोललो असतो. त्या दिवशी कट्ट्यावरचे एकजण ऑक्सिजनवर होते. उमरगा, लातूर, सोलापूर, जिथं खाट मिळेल तिथं त्यांना न्यायची धावपळ चालली होती. ग्रुपवर कुणीतरी षटकाचा व्हिडिओ टाकला आणि पाच मिनिटांत स्वतःच काढला. त्याच रात्री अश्विननं घरचे लोक या साथीशी झुंजताहेत म्हणून स्पर्धेतून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू टाय मायदेशी निघाला आणि त्यानं विचारलं, लोकांना दवाखान्यात जागा मिळत नसताना संघ इतका पैसा कसा खर्च करतात? त्याचाच देशबंधू पॅट कमिन्स थांबला, ऑक्सिजनसाठी 50 हजार डॉलर दिले. लोक घरात अडकलेले असताना रोज थोडे तास विरंगुळा मिळतो, असा विचार त्यानं मांडला.

हे दोन्ही पक्ष माकणीतही होते. माझी आई क्रिकेट बघत नाही, तरी त्या दिवसांत संध्याकाळी म्हणायची, "लाव ते म्याच, घरात आवाज तर व्हईल." आणि वस्तादांनी मात्र टीव्ही बंद केला तो केलाच. मी दोघांपैकी कुणालाही चूक म्हणणार नाही. पण सामना चालू ठेवणाऱ्यांनी विरंगुळ्याचं कारण पुढं करावं हे मला पटलं नाही, कारण तोच विरंगुळा गावाच्या मातीतला असला की त्याला गुन्हा ठरवत होते. 3 मे रोजी कोलकाता संघातले दोन खेळाडू बाधित निघाले आणि 4 मेला स्पर्धा थांबली. ऑक्सिजनवर असलेले आमचे ते गृहस्थ तोवर गेले होते. दहाव्याला पाचजण होते.

1 एप्रिल 2022 पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पुढच्या आठवड्यात साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा घेतली, आणि आमच्या पट्ट्यातल्या जत्रांनाही पुन्हा फड लागले. वर्गणी गोळा करताना वस्तादांनी कमिटीला अट घातली: शेवटच्या कुस्तीचं इनाम कमी करा, पण हलगीवाल्यांना दोन वर्षांचं काहीतरी द्या, आणि मुलींच्या खो-खोचा एक सामना त्याच मैदानावर घ्या. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीवर दोन बैठका वाद झाला, शेवटी सकाळच्या वेळेत सामना बसवला. तात्या शिट्टी घेऊन उन्हात उभे होते.

पन्नास किलोच्या खालची पोरं भरपूर आली, साठ-सत्तरच्या जोड्या लावताना वस्तादांना शेजारच्या तालुक्यातून पैलवान बोलवावे लागले. म्हैस विकलेल्या घरचा पोरगा आला नाही, त्याला सुट्टी नव्हती. रात्री त्याचा मला फोन आला. कुणाची कुणाशी लागली, कोणत्या डावावर निकाल झाला, सगळं त्यानं खोदून विचारलं, आणि तिसऱ्या नंबरची जोड वस्तादांनी चुकीची लावली यावर अर्धा तास माझ्याशी भांडत बसला.